प्रेस कॅमेरा की टेक्निकल? आधी लेन्सचं वर्तुळ बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

फिल्मवर पुन्हा छायाचित्रण करू पाहणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. ४×५ इंची फिल्मबद्दल मराठीत इतकं सविस्तर क्वचितच छापून येतं. मात्र त्यातलं एक वाक्य नवख्याला चुकीच्या खरेदीकडे नेणारं आहे. 'टेक्निकल कॅमेरा म्हणजे महागडा प्रेस कॅमेरा. काम दोघांचं एकच' असं लेखात म्हटलं आहे. दोघेही पेटीसारखे मिटतात, दोघांचाही पुढचा दरवाजा उघडून त्याचा बेड होतो आणि त्यावरच्या रुळांवर लेन्स पुढे सरकते, हे खरं. पण त्यांची कामं वेगळी आहेत आणि ती न ओळखता घेतलेला कॅमेरा पुढे वर्षानुवर्षं अडवत राहतो.

प्रेस कॅमेरा वृत्तपत्राच्या कामासाठी घडला. ग्राफ्लेक्स कंपनीचा स्पीड ग्राफिक १९१२ पासून १९७३ पर्यंत निघत राहिला. जो रोझेंथल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारतानाचं छायाचित्र टिपलं ते याच कॅमेऱ्याने, आणि आपल्याकडे होमाई व्यारावाला यांच्या हातातही तो होता. या कामाची गरज सरळ होती. कॅमेरा झटकन उघडायचा, रेंजफाइंडरने अंतर जुळवायचं, फ्लॅश उडवायचा, होल्डर (दोन्ही बाजूंना एकेक फिल्म धरणारी चपटी पेटी) उलटा करून दुसरी फिल्म वापरायची. लेन्स फिल्मच्या मधोमध आणि फिल्मला समांतर असली की झालं. लेन्स धरणारी पुढची चौकट थोडी वर जाते, थोडी बाजूला सरकते, मागे झुकते. ही सोय जादाची म्हणून दिलेली आहे.

टेक्निकल कॅमेऱ्यात हीच सोय मुख्य आहे. म्युनिकच्या लिनहॉफचा टेक्निका हा त्याचा नमुना. त्यात पुढची चौकट वर, बाजूला, झुकती आणि वळती करता येते. शिवाय फिल्मकडची मागची चौकट चार दांड्यांवर बाहेर ओढून हव्या त्या बाजूला कलवता येते आणि होल्डरची बाजू गोल फिरवून आडव्याचं उभं करता येतं. लेन्स आणि फिल्म यांना जोडणारा घड्यांचा भाताही लांब आहे. एवढं करून रेंजफाइंडर आहेच, म्हणजे गरज पडली तर हातात धरूनही वापरता येतो. ब्रिटनचा एमपीपी मायक्रो टेक्निकल आणि जपानचा विस्टा आरएफ याच जातीचे. टोयो ४५ए किंवा हॉर्समन ४५एफए यांना रेंजफाइंडर नाही, तरी बाजारात त्यांनाही टेक्निकलच म्हणतात. तेव्हा जाहिरातीतल्या शब्दावर विसंबू नये. चौकटी कुठे आणि किती हलतात, ते हाताने हलवून पाहावं.

आता हा फरक कामात कसा जाणवतो ते एका उदाहरणाने सांगतो. २० मीटर उंच इमारत ४० मीटरवरून टिपायची आहे. लेन्स १३५ मिलिमीटरची, म्हणजे बहुतेक प्रेस कॅमेऱ्यांवर मिळते ती. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, पाणसळीत. इमारतीचा माथा लेन्सच्या अक्षापासून फिल्मवर सुमारे ६२ मिलिमीटरवर पडतो. ४×५ फिल्मवर प्रत्यक्ष चित्र साधारण ९६×१२० मिलिमीटरचं उमटतं, म्हणजे उभ्या चौकटीत मध्यापासून कडेपर्यंत ६० मिलिमीटर. माथा दोन मिलिमीटरने कापला जाणार. कॅमेरा वर कलवला तर माथा येतो, पण भिंती वर निमुळत्या होतात. म्हणून लेन्स १० मिलिमीटर वर उचलायची. यालाच राइज म्हणतात. माथा आत येतो, त्यावर थोडं आकाशही मिळतं आणि भिंती सरळ राहतात.

इथे प्रेस कॅमेरा दोन ठिकाणी अडवतो. पहिली अडचण, पेसमेकर मालिकेतल्या स्पीड ग्राफिकची किंवा त्याच्या भावंडाची, क्राउन ग्राफिकची, मागची बाजू फिरत नाही. उभ्या चित्रासाठी अख्खा कॅमेराच कुशीवर आडवा करावा लागतो. मग चौकटीचं 'वर जाणं' आडवं होतं आणि खरी राइज मिळवायला बाजूला सरकण्याची सोय वापरावी लागते, जी त्या कॅमेऱ्यात मुळातच कमी आहे. दुसरी अडचण लेन्सची, आणि तीच जास्त महत्त्वाची. लेन्स जे चित्र पाडते ते वर्तुळाकार असतं आणि फिल्म त्या वर्तुळात मावावी लागते. नुसत्या ४×५ फिल्मचा कर्ण साधारण १५३ मिलिमीटर. म्हणजे लेन्स मध्यभागी असताना एवढ्या व्यासाचं वर्तुळ पुरतं. १० मिलिमीटर उचलल्यावर वरचा कोपरा अक्षापासून ८५ मिलिमीटरवर जातो आणि वर्तुळ १७० मिलिमीटरचं लागतं. जुन्या १२७ मिलिमीटर एक्टार किंवा १३५ मिलिमीटर ऑप्टारसारख्या प्रेस लेन्सचं वर्तुळ फिल्मच्या कर्णाच्या थोडंच पुढे जातं, कारण वृत्तपत्राला त्याहून जास्त नको होतं. परिणाम म्हणजे आकाशाचे दोन्ही कोपरे मऊ आणि काळवंडलेले. त्याच ठिकाणी १५० मिलिमीटरची सिमार-एस लावली, तर एफ/२२ ला, म्हणजे छिद्र बरंच लहान केल्यावर, तिचं वर्तुळ २१० मिलिमीटरचं आहे. राइज बिनधास्त द्यावी.

म्हणून नवख्याला पहिला सल्ला हाच, की कॅमेऱ्याआधी लेन्सचं वर्तुळ बघावं. टेक्निका घेऊन त्यावर छोट्या वर्तुळाची लेन्स लावली तर महागड्या चौकटी नुसत्या शोभेला उरतात. लेन्सला तेवढं वर्तुळ आहे का हे कागदाशिवायही तपासता येतं. ग्राउंड ग्लासचे, म्हणजे फिल्मच्या जागी बसणाऱ्या आणि चित्र दाखवणाऱ्या घासलेल्या काचेचे, कोपरे बहुधा कापलेले असतात. राइज दिल्यावर त्या कापलेल्या कोपऱ्यातून डोळा लावून लेन्सच्या छिद्राकडे बघायचं. ते बदामासारखं कापलेलं दिसलं तर तो कोपरा अंधारणार. छिद्र लहान करत जायचं. ज्या आकड्याला ते पूर्ण दिसेल, तिथपासून पुढे निदान प्रकाश तरी कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. तीक्ष्णतेची खात्री मात्र एक फिल्म खर्चूनच होते.

झुकण्याचंही असंच आहे. पायाशी पसरलेली जमीन आणि क्षितिज, दोन्ही एकदम तीक्ष्ण हवं असेल तर लेन्स पुढे झुकवावी लागते, म्हणजे लेन्स, फिल्म आणि जमीन या तिन्ही पातळ्या एका रेषेत मिळतात. शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तो हाच. किती झुकवायची याचा हिशेब सोपा आहे. लेन्सची फोकल लांबी भागिले लेन्सपासून जमिनीची उंची, हे त्या कोनाचं साइन. १५० मिलिमीटरची लेन्स दीड मीटर उंचीवर असेल तर ०.१, म्हणजे पावणेसहा अंश पुरेत. नवखे लोक पंधरा-वीस अंश झुकवतात आणि मग काहीच जुळत नाही म्हणून वैतागतात.

पण पेसमेकर ग्राफिकची पुढची चौकट फक्त मागे झुकते, पुढे नाही. या कामाला ती उलट्या दिशेची. यावर वाट आहे. बेड खालच्या खाचेत उतरवला की त्यावरची चौकट आपोआप पुढे झुकते. मग ती जितकी वर उचलता येईल तितकी उचलून लेन्स परत फिल्मच्या मध्याशी आणायची आणि झुकाव जास्त वाटला तर चौकट थोडी मागे घेऊन उरलेला कोन ठेवायचा. काही लोक पुढची चौकट सोडवून उलटी बसवतात, म्हणजे ती पुढे झुकते. दोन्ही उपाय चालतात, पण घडी घालताना ध्यान ठेवावं लागतं आणि दर चित्राला हा खटाटोप करायचा असेल तर टेक्निकल कॅमेराच घ्यावा. टेक्निकलमध्ये मागच्या चौकटीचा वरचा भाग मागे ओढला तरी जमीन तीक्ष्ण होते, आणि तेव्हा लेन्सच्या वर्तुळावर ताण येत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं. मागची चौकट कलवली की वस्तूंचा आकार बदलतो, पायाशी असलेला दगड मोठा दिसू लागतो. पुढची कलवली तर आकार तसाच राहतो. इमारतीच्या कामात मागची चौकट उभी ठेवणं म्हणूनच सक्तीचं.

टेक्निकल कॅमेऱ्याची एक उणीव मात्र लेखात यायला हवी होती. ९० मिलिमीटरसारख्या रुंद लेन्ससाठी पुढची चौकट जवळजवळ पेटीच्या आत राहते. बेड खाली उतरवावा लागतो, नाहीतर तोच चित्रात येतो. आणि राइज द्यायला गेलं की पेटीचं छप्पर आडवं येतं. लिनहॉफने १९७२ च्या मास्टर टेक्निकात यासाठी छपराला उघडणारी झडप दिली. त्याआधीच्या टेक्निकात ती नाही. तेव्हा अरुंद जागेतल्या वास्तूंचं काम मुख्य असेल तर जुना टेक्निका हा योग्य कॅमेरा नव्हे. तिथे पेटी नसलेला लाकडी फील्ड कॅमेरा किंवा मोनोरेल (एकाच दांडीवर चौकटी सरकणारा कॅमेरा) बरा. लेन्सही विचारून घ्यावी. ९० मिलिमीटरची जुनी अँग्युलॉन एफ/६.८ जेमतेम फिल्म झाकते, तर सुपर अँग्युलॉन एफ/८ चं वर्तुळ २१६ मिलिमीटरचं आहे. नावात एका शब्दाचा फरक, कामात जमीन-अस्मानाचा.

प्रेस कॅमेऱ्याची बाजूही तितक्याच आपुलकीने मांडली पाहिजे. सरळ समोरून टिपलेली माणसं, दूरची निसर्गदृश्यं, हातात धरून रस्त्यावरचं काम, यासाठी क्राउन ग्राफिक पुरेपूर आहे आणि टेक्निकापेक्षा अंगावर हलका आहे. बिघडायला त्यात फारसं काही नाही. स्पीड आणि क्राउन यांतला फरक एकाच गोष्टीचा. स्पीडमध्ये फिल्मच्या पुढे कापडी पडद्याचं शटर आहे, क्राउनमध्ये नाही. त्या पडद्यामुळे स्पीड सुमारे अर्धा किलो जड आणि जाडीने जास्त होतो. जाडीमुळे फार रुंद लेन्स त्यात अनंतावर, म्हणजे फार दूरच्या दृश्यावर, जुळत नाही. क्राउनमध्ये ६५ मिलिमीटर चालते, स्पीडमध्ये ९० च्या खाली जाण्याचा विचार करू नये.

मग पडदा कोणाला हवा? ज्यांना स्वतःचं शटर नसलेल्या जुन्या लेन्स वापरायच्या आहेत त्यांना. १७८ मिलिमीटर एफ/२.५ एरो एक्टार हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. (तिच्या काचेत थोरियम आहे, म्हणून ती किरणोत्सारी आहे, ती उशाशी ठेवू नये आणि तिची काच घासू नये.) पेसमेकरचा पडदा १/३० ते १/१००० सेकंद वेग देतो. पण तो वरून खाली सरकणारी फट आहे. जोरात जाणारी वस्तू त्यात तिरकी येते आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याच्याबरोबर जुळत नाही. फ्लॅशसाठी लेन्समधलंच शटर वापरायचं. त्या वेळी पडदा पूर्ण उघडून ठेवावा लागतो. हे विसरलं तर लेन्सचं शटर नेमकं वाजतं, सगळं बरोबर झाल्यासारखं वाटतं आणि फिल्म कोरी निघते. स्पीड वापरणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे. होल्डर लावण्याआधी ग्राउंड ग्लासवर चित्र दिसतं का ते बघायची सवय लावली की ती टळते.

जुना कॅमेरा हातात आल्यावर काय तपासायचं, यावर लेखात दोनच ओळी होत्या. खरं तर पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

भाता आधी. खोली पूर्ण अंधारी करून, भाता पूर्ण ताणून आत छोटा दिवा धरायचा आणि पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यायचे. घड्यांच्या कोपऱ्यांवर सुईच्या टोकाएवढे ठिपके चमकतात. एक-दोन असतील तर आतून पातळ काळ्या कापडाचा तुकडा चिकटवून भागतं. सगळे कोपरेच चमकत असतील तर नवा भाता घालावा लागेल, हे धरून किंमत ठरवावी. जाड ठिगळं लावली की भाता नीट मिटत नाही आणि पेटी बंद होत नाही.

मग ग्राउंड ग्लास. ४×५ होल्डरची प्रमाणित खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर. त्यातून फिल्मची जाडी वजा करून फिल्मचा पृष्ठभाग साधारण ४.८ मिलिमीटरवर येतो. काचेची घासलेली बाजू नेमकी तिथेच असली पाहिजे आणि ती लेन्सकडे असली पाहिजे. काच बदलणाऱ्याने ती उलटी बसवलेली असणं हे अगदी नेहमीचं आहे. डेप्थ गेजने (खोली मोजायच्या मापकाने) चारही कोपरे मोजावेत. ग्राफिकमध्ये एक खास गोम आहे. बऱ्याच ग्राफिकांत एक्टालाइट नावाची फ्रेनेल लेन्सची पारदर्शक चकती काचेच्या पुढे, म्हणजे लेन्सच्या बाजूला बसवलेली असते आणि काचेची जागा ती धरूनच ठरवलेली असते. तिथे ४.८ चं गणित थेट लागू होत नाही. कोणी ती चकती ओरखडे पडले म्हणून काढून टाकली, तर फोकस तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने सरकतो. समजा ती दीड मिलिमीटर जाड आहे, तर चूक अर्ध्या मिलिमीटरची. एफ/२२ ला ही चूक झाकली जाते. एफ/४.७ ला माणसाच्या डोळ्यांवर धरलेला फोकस कानावर जातो. म्हणून 'लेन्स उघडी असताना मऊ आहे' अशी तक्रार ऐकली की आधी ती चकती जागेवर आहे का ते पाहावं. खात्री करायला ४५ अंशांत तिरकी धरलेली पट्टी घ्यावी, एका आकड्यावर फोकस धरून लेन्स पूर्ण उघडी ठेवावी आणि एक फिल्म टिपावी. तीक्ष्ण आकडा दुसराच निघाला तर काच चुकली.

रेंजफाइंडरचं लेखात कौतुक आहे, अटी नाहीत. टेक्निकात रेंजफाइंडर प्रत्येक लेन्ससाठी घासून बनवलेल्या कॅमवर (वक्र कडेच्या धातूच्या पट्टीवर) चालतो आणि त्या कॅमवर लेन्सचा क्रमांक कोरलेला असतो. कॅम एका लेन्सचा आणि लेन्स दुसरी अशी जोडी विकायला आली तर रेंजफाइंडर निरुपयोगी समजावा. काचेवर फोकस करायला अडचण नाही. टेक्निका ३ चे कॅम आणि लेन्स बोर्ड (लेन्स बसवायच्या फळ्या) पुढच्या मॉडेलांना चालत नाहीत. ४ पासूनचा साधारण ९६×९९ मिलिमीटरचा बोर्ड मात्र इतका पसरला, की विस्टासह अनेक कॅमेरे तोच घेतात. ग्राफिकच्या बाजूला लावलेला कॅलार्ट रेंजफाइंडर एका वेळी एकाच लेन्ससाठी जुळवता येतो आणि जुळवणं किचकट आहे. नंतरच्या, वरती रेंजफाइंडर असलेल्या ग्राफिकांत फोकल लांबीनुसार कॅम बदलता येतो. कोणताही असो, अनंतावर एकदा आणि दोन-तीन मीटरवर एकदा, काचेवर भिंगातून पाहून पडताळावा. एका ठिकाणी जुळतो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर कॅम चुकीचा किंवा रुळांवरचे अनंताचे थांबे सरकलेले.

होल्डरची बाजू ग्राफलॉक प्रकारची, म्हणजे काचेची चौकट काढता येणारी, आहे का, हेही विचारावं. असेल तर काचेची चौकट काढून रोल फिल्मचा होल्डर बसतो आणि सराव स्वस्तात होतो. नुसत्या स्प्रिंगची जुनी बाजू असेल तर तसा होल्डर बसत नाही.

लेन्समधल्या शटरचा एक सेकंद घड्याळाशी ताडून बघावा. दीड-दोन सेकंद लागत असतील किंवा मध्येच अडखळत असेल तर वंगण सुकलं आहे, सफाई हवी. बाहेरून तेलाचा थेंब सोडू नये, तो पात्यांवर पसरतो आणि पाती चिकटतात. जुन्या कॉम्पुर शटरमध्ये सर्वांत वरचा वेग शटर चढवण्याआधी लावायचा. चढवल्यावर जबरदस्तीने फिरवला तर आतली स्प्रिंग दुखावते.

दोन्हींच्या मधला एक कॅमेराही आहे, त्याचं नाव लेखात आलंच नाही. १९५८ चा सुपर ग्राफिक. मागची बाजू फिरते, पुढची चौकट झुकते आणि वळते. मागची कलत नाही, भाता टेक्निकाहून आखूड. १५० मिलिमीटर लेन्सने वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची तर ३०० मिलिमीटर ताण लागतो (आणि प्रकाश चौपट, म्हणजे दोन स्टॉप जास्त), तिथे तो कसाबसा पोहोचतो. ज्याला प्रामुख्याने निसर्ग आणि माणसं टिपायची आहेत, अधूनमधून एखादी इमारत, त्याने टेक्निकासाठी पैसे साठवत बसण्यापेक्षा हा घ्यावा आणि उरलेले मोठ्या वर्तुळाच्या लेन्सवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पदार्थांची, दागिन्यांची, यंत्रांच्या भागांची छायाचित्रं काढणाऱ्याने मात्र टेक्निकलच घ्यावा. जवळच्या कामात लांब भाता आणि मागची कलती चौकट यांना पर्याय नाही.

जाता जाता लेखासोबतच्या तक्त्यातल्या दोन दुरुस्त्या पुढच्या अंकात छापाव्यात, ही विनंती. क्राउन ग्राफिकपुढे १/१००० सेकंदाचं पडद्याचं शटर लिहिलं आहे; ते स्पीड ग्राफिकचं आहे, क्राउनला पडदाच नाही. आणि 'सर्व ४×५ लेन्स सर्व ४×५ कॅमेऱ्यांवर चालतात' या ओळीत बोर्डाचं माप, शटरच्या भोकाचं माप (कोपल ० या शटरसाठी ३४.६, कोपल १ साठी ४१.६ मिलिमीटर) आणि लेन्सचं वर्तुळ यांचा उल्लेख जोडावा.

आपला,
एक वाचक